स्थापना: इसवी सन ३३

पियानो बाहेर काढला तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
सहा माणसं लागली, आणि डेन्झिलचा कोळशाचा ट्रक.
पायरीवरून उतरताना तो एकदाच वाजला,
सगळे सूर एकदम,
पाय घसरलेल्या माणसासारखा.

व्हर्लिनकाका म्हणाले, पहिल्या शतकात पियानो नव्हता.
पहिलं शतक असं म्हणायचे ते,
जसं म्हणावं खिंडीपलीकडचं गाव:
रस्ता खराब आहे,
पण पहाटे निघालो तर
दिवेलागणीच्या आत पोचू.

म्हणणं सोपं होतं त्यांचं.
आधी होतं ते निर्मळ. मग सम्राट आले,
झगे आले, धूप आला, वाद्यं आली,
सतरा-अठराशे वर्षांची धूळ.
ती झाडली की खाली तीच जमीन लागणार
जिच्यावर ते पहिले लोक बसले होते.
केंटकीतल्या त्या खोऱ्यात आमच्याकडे
दुसरं काही नव्हतं, झाडू होता.

पियानोमागून खिडकीची निळी काच गेली,
मग पोरांची रविवारची शाळा,
मग बुचाएवढे छोटे पेले,
कारण त्या रात्री पेला एकच होता.
एका पेल्यातून सत्तर जण द्राक्षरस प्यायले.
हिवाळाभर खोकला घरोघर जेवून आला.
ऑर्फामावशीनं कड एप्रनला पुसली
तर त्यावर बैठक बसली रात्री अकरापर्यंत:
पहिल्या शतकात कड पुसत होते की नाही.

मी विचारलं, मग शेगडी? विजेचा दिवा?
आईनं मांडीला चिमटा काढला.

पियानो आईचा होता.
म्हणजे चर्चचाच, पण बोटं आईची.
जमिनीवर त्याच्या चाकांचे चार खळगे राहिले.
तिथं ठेवलेली खुर्ची कायम डुगडुगायची,
आणि आई नेमकी तिथंच बसायची.

रात्री ती जुन्या पत्रांची शेवटची पानं वाचायची,
उपदेश संपून नुसते निरोप उरतात ती.
ह्याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा.
बायकांच्या नावाशी तिचं बोट थांबायचं.
बघ, म्हणायची, कुणाच्या तरी घरी जमायचे हे.
म्हणजे घर कुणीतरी झाडलं असणार.
नंतर भांडी घासली असणार.
आणि भांडी घासताना
माणूस गुणगुणल्याशिवाय राहत नाही.

तिच्या पहिल्या शतकात स्वयंपाकघर होतं.
व्हर्लिनकाकांच्या पहिल्या शतकात
व्हर्लिनकाका होते.

पेल्यावरून चर्च दुभंगलं, खमिरावरून पुन्हा.
ओढ्याच्या दीड मैलात तीन चर्चं झाली,
तिन्ही पहिली.
मयताला मात्र एकमेकांकडे
पाव पाठवायचे, खमिराचा.

आता भावाची नात लेक्सिंग्टनहून येते.
तिचा गट शाळेची व्यायामशाळा भाड्यानं घेतो,
मेणबत्त्या लावतो, धूप जाळतो, तासभर गप्प बसतो.
मूळचं हे असं होतं, आजी, ती सांगते,
डोळ्यांत पाणी आणून सांगते,
मधल्या लोकांनी बिघडवलं सगळं.
धूप टपालानं येतो, डबा सुंदर आहे.
आम्ही जे जे बाहेर फेकलं
ते ही पोर पैसे मोजून आत आणते आहे.
मी तिला चहा दिला.
सूर ओळखीचा होता.
मीही म्हणाले असते, येते मी, थांब जरा,
पण गुडघे.

परवा ती मला जुन्या चर्चकडे घेऊन गेली.
छप्पर बसलंय. दारात सुमाकची झुडपं.
कोपऱ्यातला दगड आहे अजून,
व्हर्लिनकाकांनी थडगी कोरणाऱ्याकडून कोरून घेतलेला:
स्थापना, इसवी सन ३३, यरुशलेम.
त्या भिंतींच्या विटा माझ्या बापानं आणल्या होत्या
खाणीच्या पडक्या ऑफिसातून, दोन खेपांत.

दगडाखाली कुणा पोरानं खडूनं वजाबाकी केली आहे,
चालू सालातून तेहतीस.
हातचा घ्यायला विसरलाय.